गोदूचं मलम आणि फॉर्म्युला नंबर सात

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळी ८.१०

आजपासून रोजनिशी. लॅबमध्ये प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवतात, म्हणून. मी कंपनीत ऑइंटमेंट सेक्शनला एकतीस वर्षं काढली. म्हणजे पॅकिंगला, पण लॅब अगदी समोर होती आणि मध्ये काच होती.

प्रश्न: बायकोचं, म्हणजे गोदूचं, टाचेचं मलम काल संपलं. शेवटची बरणी सासूबाईंनी बोटानं पुसली, मग तिच्यात कोमट पाणी घालून तेही टाचेला चोळलं. गोदूला जाऊन आठ महिने झाले. इतके दिवस पुरलं हेच खूप.

सासूबाई म्हणजे हौसाबाई, वय अठ्ठ्याहत्तर. उभी हयात मिठागरात अनवाणी गेली. थंडी सुरू झाली की टाचा अशा उलतात की आतलं लाल दिसतं. बाजारातली ट्यूब आणून दिली, ती त्यांनी कपाटामागे टाकली. लेकीच्या हातचंच पाहिजे.

उपाय: मी बनवणार. कोकमतेल, मेण, खोबरेल. वस्तू तीन. गोदू दहावी नापास, ती घरी बनवून विकायची, तिला जमत होतं. मला दोन दिवस पुरतील. तीन धरू.

ता.क. मेहुणा दीपेश दर रविवारी शिरढोणहून फोन करतो. "आयला हिकडं पाठवा भावजी, बायका हायत पाय बघायला." मला काय, जाईना का. जावयाच्या घरी सासू राहते म्हणून इथं करंजाड्याची निम्मी सोसायटी चौकशी करते. पण मलम जमलं नाही म्हणून गेली, असं नको व्हायला. तत्त्वाचा प्रश्न आहे.

बुधवार, २६ नोव्हेंबर. संध्या. ५.३०

बॅच नं. १. कोकमतेल नावाला तेल, हाताला दगड. किसून टोपात घातलं, खाली गरम पाणी, सगळं वितळलं. सोन्यासारखा रंग. गरमगरम बरण्यांत ओतलं आणि आडवा झालो. तीन ते पाच झोप ही माझी जुनी सवय. कायम फर्स्ट शिफ्ट, पहाटे चारला उठणं, दुपारी घरी. शरीराला शिस्त लागते.

पाचला उठून बघतो तर वर साय, आत रवा. शिऱ्याचा असतो तसा, भरड. बाजूला तेल सुटलेलं.

सासूबाईंनी टाचेला लावलं. दाणा भेगेत गेला असावा. "स्स" केलं आणि पदर तोंडावर घेतला.

कारण: कोकमतेलात भेसळ. पनवेलच्या बाजारात आता विश्वासाचं कोणी राहिलं नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

बॅच नं. २ फ्रिजमध्ये गार केली. कंपनीत चिलर होता, त्यावरून सुचलं. रात्रीत बरणीच्या आत मधोमध भेग पडली. सासूबाईंची टाच आणि माझं मलम, दोन्ही एकसारखं फुटलेलं. सकाळी बाहेर काढल्यावर त्याला घाम आला.

घरात एक वेगळाच प्रकार चाललाय. लिहून ठेवतो, विश्वास ठेवत नाही.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. भांडण नाही, पद्धत. जावई दिसला की पदर घ्यायचा, त्याच्या तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही. बत्तीस वर्षं सगळा कारभार गोदूमार्फत. मी समोर ताटावर बसलेला असायचो आणि त्या म्हणायच्या, "गोदू, इचार, अजून भाकर वाढू?" मीही म्हणायचो, "गोदू, पुरे म्हणावं." गोदू मध्ये बसून दोन्हीकडे बघून हसायची. आता गोदू नाही, त्यामुळे आमचं बोलणं बंद. घर शांत आहे. चांगलंच आहे.

पण आठवडाभर बघतोय, सासूबाई गोदूशी बोलतात. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून, हवेत. आज मी टोप घासत होतो तर मागून आवाज, "गोदू, लगेच बरनीत नको वतू गं. टोपातच निवू दे." मी गर्रकन वळलो. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. तिथं कोणी नव्हतं.

वय झालंय त्यांचं, दुसरं काय.

बुधवार, ३ डिसेंबर

बॅच नं. ३. मेण दुप्पट. दाणा गेला. चमचाही गेला, वाकला. हे मलम टाचेवर घासलं तर टाच झिजेल, मलम नाही. वात घातली असती तर दिवाळीला उपयोगी पडलं असतं.

सोमवार, ८ डिसेंबर

बॅच नं. ४. मेण कमी, खोबरेल जास्त. अतिशय मऊ. आनंदाच्या भरात बरणी सासूबाईंसमोर नेली. गोदू करायची तशी उलटी धरून दाखवणार होतो. ती गिऱ्हाइकासमोर बरणी उपडी धरायची आणि दहा आकडे मोजायची, मलम जागचं हलत नसे. मी उपडी धरली. दोनलाच सगळं फरशीवर. त्यावरून घसरलो मी. कंबर.

पडल्या पडल्या मात्र महत्त्वाचा विचार सुचला. मलमाचं मर्म त्याच्या वाहण्यात आहे. बोटानं दाबलं की वाहायला हवं, बोट उचललं की थांबायला हवं. बरणीत घट्ट, टाचेवर मऊ. लॅबमध्ये त्यासाठी व्हिस्कोमीटर होता, घट्टपणा मोजायचं यंत्र. तो फिरताना रोज पाहिलाय. काचेतून.

आजपासून थाळी टेस्ट. स्टीलची थाळी भिंतीला तिरकी टेकवायची, वर मलमाचा गोळा ठेवायचा, घड्याळ लावायचं. कंपनीच्या बाहेर हे कोणी केलं नसेल.

सासूबाई आज भिंतीला म्हणाल्या, "गोदू, हात थांबला का दाना धरतो. हात थांबवू नको, पोरी."

मी आत पलंगावर पालथा, कंबरेला शेक. ऐकून शेकायची पिशवी थंड वाटायला लागली.

शनिवार, १३ डिसेंबर

बॅच नं. ५ आणि ६ मिक्सरमध्ये. हात कशाला दुखवायचा? दोन मिनिटांत लोण्यासारखं पांढरं, हलकं. थाळीवरून घरंगळलं नाही. बरणी उपडी धरली, दहा मोजले. जिंकलो.

सकाळी अर्ध्या बरण्या रिकाम्या. फेस बसला होता. मिक्सरही बसला. जळका वास दिवसभर.

मनस्वीला पुण्याला फोन केला. माझी मुलगी. आजीला भास होतात, आईशी बोलते, असं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आजी काय बोलते ते जरा नीट ऐका." म्हणजे तिलाही काळजी वाटली. म्हटलं, ऐकतोच आहे, नोंद ठेवतोय.

गुरुवार, १८ डिसेंबर. संध्या. ६

आज पहाटे आपोआप सुचलं. लगेच बरणीत ओतायचं नाही! टोपातच निवू द्यायचं! इतकं साधं, आणि आत्तापर्यंत कुणाला सुचलं नाही.

फॉर्म्युला नंबर सात. प्रमाण मूळचंच. दोन पन्नासला टोप ओट्यावर ठेवला, लवकर निवावा म्हणून स्वयंपाकघराचा पंखा फुल लावला आणि झोपलो.

पाच वाजता उठलो. टोपात मलम. रवा नाही, तेल नाही, फेस नाही. बोट लावलं तर वाहिलं, बोट उचललं तर थांबलं. बरणी उपडी, दहा, वीस, तीस. हललं नाही.

जमलं! एकतीस वर्षांचा अनुभव शेवटी कामाला आला.

दोन किरकोळ गोष्टी. पंखा बंद होता. मी लावला होता. आणि झोपेत आवाज येत होता. लाकडी चाटू टोपाच्या तळाला घासल्याचा. खर्र, मग थोडं थांबून खर्र. हा आवाज मला माहीत आहे. बत्तीस वर्षं माझी दुपारची झोप त्या आवाजातच व्हायची. मार्चपासून तो आला नव्हता.

स्वप्न असणार. सासूबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या.

रविवार, २१ डिसेंबर

फॉर्म्युला सात, दुसऱ्यांदा. पुन्हा यश. पुन्हा पंखा बंद, पुन्हा खर्र.

वरच्या मजल्यावर फरहाभाभींकडे तक्रार करायला गेलो, दुपारी काय घासता म्हणून. त्या म्हणाल्या, "भाईसाब, दोपहर को तो हम दोघं दुकानात. घराला ताला." एक बरणी त्यांना दिली. बोट लावून वास घेतला आणि डोळे पुसायला लागल्या. "हे तर गोदूभाभीचंच. अल्लाह कसम, तिचाच हात."

मी म्हणालो, हात माझा. मग जिना उतरताना दोनदा मागे बघितलं.

शुक्रवार, २६ डिसेंबर

दीपेशच्या मुलाचा वाढदिवस म्हणून सासूबाई दोन दिवस शिरढोणला. घरात मी एकटा. जेवण डब्यातलं. टीव्ही मोठा ठेवला.

फॉर्म्युला सात, अगदी तसाच. पाचला उठलो. पंखा गरगर चालू. टोपात रवा.

आता शास्त्रीय विचार करू. माझी चूक असती तर आधी दोनदा जमलं नसतं. सासूबाई करत असतील का? अशक्य. त्यांना बाथरूमला जायचं तरी भिंत धरावी लागते. त्या उभ्या राहणार दीड तास? मग उरतं कोण?

आई घरी असली की ती येते. आई नसली की नाही.

लिहिलं खरं. वाचून भीती वाटली. पण खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं.

गुरुवार, १ जानेवारी

नववर्षाचे संकल्प. एक, भुताखेतावर विश्वास ठेवायचा नाही. मी ऑइंटमेंट सेक्शनचा माणूस आहे. दोन, पहाटे फिरायला जायचं. तीन, दुपारी ओट्याजवळ अर्धा कप चहा झाकून ठेवायचा. निव्वळ प्रयोग म्हणून.

संध्या. ५.१०. कप रिकामा. विसळून पालथा घातलेला. गोदूही असाच घालायची.

मी त्या कपाजवळ बराच वेळ उभा राहिलो. सासूबाई दारातून हवेत म्हणाल्या, "गोदू, साखर कमी व्हती." उद्या दोन चमचे टाकतो.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

टोपाशेजारी तिळाचे दोन लाडू ठेवले. आत जाताना म्हणालो, "तिळगूळ घे, गोदू." मोठ्यानं म्हणालो. आपल्याच बायकोशी बोलायला लाज कसली.

लाडू एकच संपला. दुसरा माझ्या उशाशी, वाटीत. जाग आली तेव्हा दिसला. किती दिवसांनी रडू आलं.

फक्त एक गोष्ट समजत नाही. मलम उत्तम, थाळी टेस्ट पास, फरहाभाभींच्या टाचा आठवड्यात भरल्या. आणि सासूबाईंच्या मात्र जास्तच उलतायत. उजवी तर सुजलीय. मलम निर्दोष आहे, तेव्हा दोष टाचेत असणार. किंवा त्या लावत नसतील. म्हातारी माणसं हट्टी असतात.

मंगळवार, २० जानेवारी. संध्या. ५.०५

स्वयंपाकघरात पावलं आहेत.

ओट्यासमोरच्या पांढऱ्या फरशीवर. लाल. पूर्ण पाऊल नाही, फक्त टाच. एकाच जागी चार-पाच, एकमेकांवर. मग दाराकडे जाणारी, पुसट होत गेलेली.

ऐकलं होतं की त्यांची पावलं वेगळी असतात. उलटी असतात म्हणतात. नुसत्या टाचेची असतात हे माहीत नव्हतं.

मी पुसली नाहीत. वरून वर्तमानपत्र घातलं. मग ते काढलं, तिच्यावर पेपर कसा घालायचा? शेजारी उकिडवा बसलो. हात जोडले. दहा मिनिटांनी सासूबाई आल्या, फरशी बघितली, मला बघितलं, पदर ओढून मागे फिरल्या. त्यांनाही कळलं असणार.

शनिवार, २४ जानेवारी. सकाळी ११

उद्या जागा राहणार. झोपेचं सोंग घेऊन तिला बघणार. निळा शर्ट इस्त्री करून ठेवला. तिला काय म्हणायचं त्याचे मुद्दे:

१. मलम चांगलं असायचं. बत्तीस वर्षांत मी तसं म्हणालो नाही. गिऱ्हाईक म्हणतंय ना, मी वेगळं काय म्हणायचं, असं वाटायचं.

२. मनस्वीचं बरं चाललंय.

३. तू गेलीस त्या दुपारी मी झोपलो होतो. चाटूचा आवाज मधेच थांबला असेल. मला जाग आली नाही. पाचला उठून चहा मागितला. दोनदा मागितला. मग स्वयंपाकघरात आलो. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तरी फरक पडला नसता. ते असंच म्हणतात.

तिसरा मुद्दा आधी घ्यावा का? बघू.

रविवार, २५ जानेवारी. संध्या. ७

निळा शर्ट घातला. दोन पन्नासला टोप ठेवला, पंखा लावला, चहा झाकला. पलंगावर आडवा. खोटं घोरलो. दार किलकिलं ठेवलं होतं, ओटा दिसत होता.

तीन वाजून पाच मिनिटांनी पंखा बंद झाला. खर्र.

डोळा उघडला.

सासूबाई. एक हात ओट्याला धरून, दुसऱ्या हातात चाटू. उजवी टाच वर उचललेली, मग दमल्या की खाली, मग डावी वर. ढवळतायत. थांबत नाहीत. मधून एका हातानं कप उचलून घोटभर चहा. पुन्हा खर्र. घड्याळ समोर होतं. एक तास चाळीस मिनिटं.

मलम घट्ट व्हायला लागलं तसा त्यांना दोन्ही हातांनी चाटू ओढावा लागला. दोन्ही टाचा खाली टेकल्या. फरशी लाल झाली. मग फडकं घेऊन, बसून, पुढे सरकत सरकत त्यांनी ती पुसली. मंगळवारी पुसायच्या आधीच मी उठलो असणार.

मी उठलो नाही. उठलो असतो तर जावयानं बघितलं म्हणून त्या शरमेनं मेल्या असत्या. त्यांचाच विचार केला. शिवाय माझा पाय बधिर झाला होता.

पाचला उठलो आणि म्हणालो, वा, जमलं. हवेत म्हणालो.

बुधवार, २८ जानेवारी

मागची पानं वाचली. लगेच बरणीत ओतू नको. हात थांबवू नको. साखर कमी होती. भिंतीला नव्हतं ते. भुताला नव्हतं. त्या मला सांगत होत्या, नेहमीसारख्या, गोदूमार्फत. जावयाला तोंडावर चूक कशी सांगायची? म्हणून सांगितलं, मी ऐकलं नाही, मग स्वतः उभ्या राहिल्या. टाचेच्या मलमासाठी, त्याच टाचांवर.

यात माझा दोष धरता येत नाही. बत्तीस वर्षं चॅनेल एकच होता, तो बंद पडला, निरोप पोचला नाही.

सासूबाईंना रिक्षानं दवाखान्यात नेलं. उजव्या टाचेत पू झालाय. डॉक्टर म्हणाले, रोज ड्रेसिंग, जखमेवर तेलकट काही लावायचं नाही, आणि उभं राहायचं अजिबात नाही. मग मलाच विचारलं, "या वयात उभ्यानं कसलं काम करून घेता यांच्याकडून?" मी भिंतीवरचा दाताचा तक्ता वाचत होतो.

रविवार, १ फेब्रुवारी

दीपेश गाडी घेऊन आला. मीच फोन केला होता, ड्रेसिंगचं कळवायला. घेऊन जा असं म्हणालो नव्हतो. नको असंही म्हणालो नव्हतो.

भाषण तयार होतं. एक, ड्रेसिंग मी शिकलोय. दोन, इथून दवाखाना जवळ. तीन, राहा. तिन्ही मुद्दे कागदावर, कागद खिशात. प्रत्यक्षात म्हणालो, "गोळ्या पिशवीत आहेत. जेवणानंतरच्या."

सासूबाई गाडीत बसताना दाराकडे बघून म्हणाल्या, "गोदू, डब्यात पीठ हाय. चार दिस पुरंल." मी म्हणालो, "गोदू, बरं म्हणावं."

गाडी वळली. सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "गेल्या का सासूबाई? सुटलात." मी हो म्हणालो.

घर आता मोकळं. पहिल्यांदा संपूर्ण लॅब करता येईल.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. संध्या. ५

झोपलो नाही. पंखा बंद. तीन ते चार चाळीस ढवळलं.

पहिली पंधरा मिनिटं काही वाटत नाही, पाण्यासारखं फिरतं. अर्ध्या तासानं धूसर होतं. तासानं चाटूची रेघ उमटायला लागते आणि लगेच बुजते. मग उशिरा बुजते. मग बुजतच नाही. तेव्हा खांदा आपला राहिलेला नसतो. पायात गोळे येतात. मला सोडून द्यावंसं तीनदा वाटलं. मी चपला घालून होतो, टाचा धडधाकट.

गोदूनं हे महिन्यातून चारदा, बत्तीस वर्षं. आणि मी शेजारच्या खोलीतून ओरडायचो, जरा हळू घास, झोपमोड होते.

मलम जमलं. तळहाताला तीन फोड. घरात चिटपाखरू नाही. मी थोडा वेळ ऐकत उभा राहिलो, कोणी काही म्हणतंय का. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मला वाटायचं, घरात कोणी असलं की भीती वाटते.

रविवार, ८ फेब्रुवारी. संध्या. ७.२०

काल दीपेशला कळवून आज बरणी घेऊन शिरढोणला गेलो. घर गजबजलेलं. पोरं, टीव्ही, दीपेशचे भाड्याचे गाळे बघायला आलेले लोक. सासूबाई ओटीवर खाटेवर, पाय उशीवर, बँडेज पांढरंशुभ्र.

बरणी दिली. जखमेवर लावायचं नाही, डाव्या टाचेपुरतं, असं मी भिंतीला सांगितलं. त्यांनी बरणी उपडी धरली. ओठ हलत होते, मोजत होत्या. मग बोट घातलं, उचललं, बघितलं, डाव्या टाचेला लावलं. "स्स" केलं नाही.

मग पदर मागे सारला आणि माझ्या हाताकडे बघितलं.

"जावयबापू, येवढ्याशा कामाला हाताला फोड?"

मला म्हणाल्या. दीपेशची बायको चहा घेऊन दारात थबकली. मी गोदूला शोधत इकडेतिकडे बघितलं.

"तिकडं नका बगू," त्या म्हणाल्या. "ती नाय. मना ठावं व्हता ती नाय. तुमचा मान ऱ्हावा म्हनून मी तिच्या नावानं बोलायची." मग बरणीला झाकण लावत, "एकलं ऱ्हाऊ नका तिथं. हिकडंच ऱ्हा."

मी हसलो. म्हणालो, घरजावई होऊ की काय या वयात? लोक काय म्हणतील. करंजाड्याला माझं घर आहे, लॅब आहे, बॅच लावून आलोय. बॅच वगैरे काही लावलेली नव्हती. त्या म्हणाल्या, "बरा."

साडेपाचला घरी पोचलो. कुलूप उघडलं. दिवे लावले, सगळे. पुन्हा बंद केले.

नीट विचार करता, मलमाचा परिणाम डाव्या टाचेवर रोज तपासणं गरजेचं आहे. हे काम दुसऱ्यावर सोपवता येणार नाही, तिथं कोणालाच अनुभव नाही. दोन शर्ट, दाढीचं सामान, चाटू, टोप पिशवीत भरलं. चारच दिवस. फार तर आठ.

दीपेशला फोन केला. म्हणालो, निव्वळ तपासणीसाठी येतोय, जरा टेकायला जागा लागेल, काही त्रास करून घेऊ नका.

तो म्हणाला, "या ना भावजी. आयनं सकाळीच तुमची गादी उन्हात घालायला लावलीय."